भांबुर्डा धुवायचा नसतो

आमच्या घरात पहिली पदवी माझी. आजोबांचा अंगठा, वडील चौथी, आई तेवढीही नाही, आणि मी बी.एस्सी. गृहविज्ञान, तेही फर्स्ट क्लासमध्ये. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आजही. गावात मात्र त्या पदवीची फार थट्टा झाली. निकालाचे पेढे खाताना शेजारची काकी आईला म्हणाली, "म्हंजे पोरगी एवढी वर्षं शिकली ती शेवटी रांधायलाच ना?" वडील ओटीवर विळ्याला धार लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "रांधायला नाय. रांधलेलं अंगी का लागत नाय, ते सांगायला." ही व्याख्या पुढे मी वर्गात बेधडक वापरली.

आमचं गाव विचुंब्याच्या बाजूचं. शेताच्या बांधावर उभं राहिलं की नव्या पनवेलच्या बिल्डिंगा उगवताना दिसायच्या, भाताच्या रोपासारख्या, आज गुडघ्याएवढ्या आणि उद्या कमरेएवढ्या. त्या बिल्डिंगांत मुंबई-पुण्याकडची नोकरदार माणसं राहायला आली, त्यांची मुलं जुन्या गावातल्या शाळांत आली, शाळांचे वर्ग वाढले आणि मला नोकरी लागली. पनवेलातल्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलींना पाककला आणि आहारशास्त्र शिकवायचं. त्याच तासाला मुलांना सुतारकाम असे. मुलींना हे आणि मुलांना ते का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

माझी खोली शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला चिकटून होती. वातीचे स्टोव्ह, एक मोठा कुकर, कपचमच्यांचे संच आणि भांड्यांचं कपाट. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, "या खोलीत मांसाहारी पदार्थ आणू अगर शिजवू नयेत." संस्थेचे अध्यक्ष निवृत्त वकील होते आणि हे वाक्य त्यांनी स्वतः घडवलेलं होतं. आता पुस्तकात प्रथिनांच्या धड्यात अंडी, मासे, मांस हे तर येणारच. मग मी ते फळ्यावर काढून दाखवायची. मासा मला बरा जमतो, अंड्याला तर काही कसबच लागत नाही. पहिल्याच वर्षी एकीने विचारलं, "बाई, हे उकडलेलं का कच्चं?" मी म्हटलं, "काढलेलं." तेव्हापासून शाळेत माझी ख्याती पसरली की या बाईंच्या तासाला हसलं तरी चालतं.

आणि खरंच आम्ही हसायचो. मला तर सकाळी शाळेत जायची घाई असायची. गणिताच्या बाई वर्गातून दमून यायच्या, मी वर्गातून जेवून यायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझ्या वर्गात दोघी होत्या. एक कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासे विकायला बसायची, त्यामुळे घरचं रांधणं हिच्याकडेच. हात इतका तयार की मी कृती सांगून संपेपर्यंत हिची फोडणी झालेली. मीठ मुठीने घालायची. मी म्हणायची, सपाट चमचा घ्यावा, मोजून घालावं. तिने एकदा मला समजावलं, "बाई, आमच्या घरात बारा माणसं हायेत. चमच्यानं घालत बसले तर रात व्हयल."

दुसरी सेक्टरातली, म्हणजे नव्या पनवेलच्या फ्लॅटमधली. वडील मुंबईत ऑफिसात, घर पुण्याहून हललेलं. ही प्रत्येक गोष्ट विचारून करणारी. "बाई, सॉरी, पण कांदा बारीक म्हणजे एक्झॅक्टली किती बारीक?" दोघींना मी एका स्टोव्हवर दिलं होतं, म्हणजे एकीचा वेग दुसरीला आणि दुसरीचा नेटकेपणा पहिलीला लागेल. लागला मात्र भलताच गुण. कॅल्शियमच्या धड्याला मी सांगितलं, सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, कवचासकट खातात, म्हणून त्यात चुना भरपूर. सेक्टरातलीला जवळा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नळाजवळच्या कट्ट्यावर, म्हणजे माझ्या खोलीच्या बाहेर, कोळीवाड्यातलीने डब्यातून जवळ्याची चटणी आणून तिला खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी सेक्टरातलीची आई शाळेत हजर. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले. ती बिचारी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, तो जवळा कुठे मिळतो हो? मुलगी पोळीबरोबर तोच मागते."

माझा पहिला धडा दर जूनला एकच असे, "आधी धुवा, मग चिरा." भाजी चिरून मग धुतली तर जीवनसत्त्वं मोरीत जातात. पालेभाजी चार पाण्यांतून काढायची. कच्चा पाला खायचा असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून गुलाबी पाण्यात बुडवायचा, मग परत साध्या पाण्यात. हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घ्यायची. एका आजींनी तक्रार केली की नात त्यांच्या हातातून विळी काढून घेते आणि आधी भाजी धुतली का ते विचारते. ती तक्रार मी शिक्षकखोलीत सगळ्यांना दोनदोनदा ऐकवली.

त्याच वर्षी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. माणूस सरळ, पण हिशेबाला पक्क्या. नाताळच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. संस्था कॉम्प्युटर घेणार होती, त्याला खोली हवी होती, आणि रिकामी होण्यासारखी एकच खोली होती, माझी. पुढच्या वर्षी कुठला विषय घ्यायचा ते पालक ठरवणार. पाककलेचा वर्ग भरला तर विषय राहील, नाही भरला तर खोली कॉम्प्युटरला. मी अजून नोकरीत पक्की झाले नव्हते. विषय गेला की बाईही गेली, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. गावात शाळेच्या मस्टरवर सही करणारी मीच पहिली. ती सही सोडून परत ओटीवर येऊन बसायचं आणि काकीचा पेढा आठवायचा, हे मला मान्य नव्हतं.

मी पालकांचा अंदाज घ्यायला लागले. सेक्टरातल्या मुलींचे वडील म्हणाले, दहावीच्या मार्कांना याचा उपयोग काय? कॉम्प्युटर बरा. जुन्या पनवेलातल्या आया नुसत्या हसल्या. कोळीवाड्यातलीची आई मला बाजारातच भेटली. पाटीसमोर उकिडवी बसून कोयत्याने सुरमई कापत ती म्हणाली, "राग नका मानू बाई. पोरी घरी शिकतातच. त्याच्यासाठी शाला कशाला?" वर मला वाटा मापापेक्षा जास्त घातला. त्याने तर मला जास्तच वाईट वाटलं. प्रश्न काकीचाच होता.

मोठ्या बाईंनी एक संधी दिली. संक्रांतीनंतर पालकांचा तिळगूळ समारंभ असतो, त्या दिवशी तुमच्या मुलींनी काहीतरी करून दाखवावं. मी ठरवलं, घरी होत नाही तेच दाखवायचं. कटलेट, सँडविच, फ्रूट सॅलड. मुलींनी बिटाची फुलं कापायचा सराव केला. कोळीवाड्यातलीच्या फुलाला एक पाकळी कमी यायची, कारण ती कापताकापता खायची.

आणि समारंभाच्या तोंडावर पनवेलातलं रॉकेल संपलं. रेशनच्या दुकानात टँकर आलाच नाही. उद्या येईल, उद्या येईल करत दुकानदार पुढ्यात कॅन घेऊन बसलेल्या रांगेला घरी पाठवायचा. आमचे स्टोव्ह कोरडे. शिपाईमामांनी चार घरं फिरून जेवढं आणलं तेवढ्यात चहा झाला असता, कटलेट नाही. मुलींची तोंडं उतरली. मी त्यांना धीर दिला, पण माझाच धीर कुठे होता?

त्या संध्याकाळी बांधावरून घरी जाताना मला वास आला. आमच्या भागात थंडीत हा वास आला की कुणाला काही सांगावं लागत नाही. वाल शेंगांनी भरून आले की शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. हा बांधावर आपोआप उगवणारा, उग्र वासाचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी परत तोच पाला दाबून बूच मारायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि चारी बाजूंनी पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेत शेंगा शिजतात. मी बांधावरच थांबले. पाणी नाही म्हणजे पाण्यात जाणारी जीवनसत्त्वं कुठेच जाणार नाहीत. तेल नाही. रॉकेल तर नाहीच नाही. शेंगांत प्रथिनं, बटाट्यात कर्बोदकं. अख्खा धडाच तिथे पालथा पडला होता आणि त्याच्या भोवती गावची पोरं शेकत बसली होती.

घरी वडिलांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोपटी पोरं लावतात, बाप्ये लावतात. बायामाणसांनी लावलेली कोणी बघितली नाय." हे खरं होतं. आमच्याकडे घरातलं सगळं रांधणं बायकांचं, पण पोपटी पुरुषांची. बायका आणि मुली आयत्या वेळी येऊन खाणार. मीही वडिलांच्या शेजारी बसून नुसती बघितलेली. तरी पाला कसा दाबायचा ते त्यांनी मला त्या दिवशी पितळी तांब्यात कोथिंबीर कोंबून दाखवलं. आईने कोथिंबिरीवरून आम्हा दोघांना फैलावर घेतलं.

मैदानात जाळ करायचा म्हटल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग वाळूच्या बादल्या आणि शिपाईमामा जवळ उभे राहतील, या अटीवर हो म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी मी कामं वाटली. कुणी शेंगा निवडायच्या, कुणी बटाटे पुसायचे, कुणी मीठ-ओवा एकत्र करायचा. पाल्याचा भारा वडिलांनी पहाटे कापून दिला होता. तो मी सेक्टरातलीच्या हवाली केला. एवढं नेटकं काम दुसरं कोण करणार? मग मला अध्यक्षांच्या स्वागताला बोलावलं. तिळगूळ, गुलाबाचं फूल, दोन शब्द. परत आले तर नळाजवळ मोठी परात, परातीत गुलाबी पाणी आणि पाण्यात माझा सगळा भांबुर्डा. सेक्टरातलीच्या बाह्या कोपरापर्यंत वर. चेहरा असा, की शंभरपैकी शंभर.

"बाई, खूप माती होती. मी चार पाण्यांतून काढला, मग खडा टाकला."

तिच्या शेजारी कोळीवाड्यातली जमिनीवर बसली होती, कारण हसून हसून तिला उभं राहता येत नव्हतं. ती नुकतीच शेंगांकडून तिकडे आली होती. गावाकडच्या बाकीच्या मुलींची तीच गत. सेक्टरातली सगळ्यांकडे बघत विचारत होती, "काय झालं? धुवायचा नसतो?" भांबुर्डा धुवायचा नसतो. धुतला की त्याचा वास जातो, आणि वासासाठीच तर तो घालायचा. वर ओला पाला मडक्यात घातला तर शेंगांचा गाळ, आणि मडकं तडकलं तर तेही आश्चर्य नाही. पण तिला बोलणार काय? जे मी जूनपासून घोकून घेतलं तेच तिने केलं होतं, अगदी चोख. मलाच हसू आलं. तिकडे फाटकातून पालक आत यायला लागले होते आणि इकडे पोपटीला पाला नाही.

सुतारकामाच्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडते. तिच्या गजांना सकाळपासून मुलांची तोंडं चिकटलेली होती. त्यातल्या एकाने, घरात कुणी दगावल्यासारख्या आवाजात विचारलं, "बाई, भांबुर्डा धुतला?"

मी म्हटलं, धुतला. आता बघता काय, आणा दुसरा.

मुलं माझं वाक्य संपायचीच वाट बघत होती की काय, कोण जाणे. चौघे-पाचजण भिंतीवरून उडी मारून नदीकडे पळाले आणि मी पालकांना तिळगूळ देईपर्यंत काखेत पाला घेऊन परतही आले. परत आले ते आले, मग हलेनात. मडक्याभोवती कोंडाळं करून सल्ले सुरू झाले. पाला अजून दाबा बाई. शेंगा अशा ओतू नका, आडव्या घाला. एकीने मडकं सरळ ठेवलं तर तिच्या अंगावर दोघं ओरडले, पालथं, पालथं. मुली काही कमी नाहीत. कोळीवाड्यातली त्यांना म्हणाली, "एवढं येतंय तर लावा की तुमीच. आमी खायला बसतो, नेहमीसारखं." मुलांना बोलवायला सुतारकामाचे सर आले आणि जाळ लागत नाही असं बघून स्वतःच आत जाऊन रंध्याच्या ढलप्यांचं पोतं घेऊन आले. सागवानाच्या ढलप्या. आमची पोपटी अशी थाटात पेटली.

जाळ चालू असताना मी पालकांसमोर बोलायला उभी राहिले. तयार केलेलं भाषण कटलेटवर होतं, ते सोडून दिलं आणि बांधावर सुचलं तेच बोलले. पाणी का नाही, तेल का नाही, आत काय चाललंय. सेक्टरातलीचे वडील म्हणाले, "म्हणजे हा प्रेशर कुकरच की." मी म्हटलं, कुकरच, फक्त शिट्टी होत नाही, म्हणून थेंब टाकून बघायचा. एका मुलाने तापलेल्या मडक्यावर बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून पडता पडताच नाहीसा झाला. मुलं म्हणाली, झाली.

काठीने मडकं बाजूला घेतलं, पाल्याचं बूच काढलं आणि धुतलेल्या चादरीवर ओतलं. तो वास मैदानभर गेला. जुन्या पनवेलातल्या ज्या आया मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या त्या आपोआप पुढे आल्या. शेंगा पडल्या, बटाटे पडले, आणि मग काळपट पडलेली अंडी पडली. एक तर घरंगळत थेट अध्यक्षांच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

मी मडक्यात अंडी घातली नव्हती. कुणी घातली हे शोधायला लांब जायला नको होतं, कोळीवाड्यातली पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरल्यासारखं करत पुढे आली होती. माझ्या डोळ्यांपुढे खोलीतल्या भिंतीवरचं ते ऑइलपेंटचं वाक्य उभं राहिलं. गेली खोली, मी मनात म्हटलं.

अध्यक्षांनी खाली बघून विचारलं, "हे काय?"

"प्रथिन, साहेब," ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तिला साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, हे खोलीत शिजलं का? ती म्हणाली, नाय, इथंच, तुमच्या समोर. अध्यक्षांनी मडक्याकडे आणि मग मोठ्या बाईंकडे बघितलं. "नियम खोलीला आहे," ते म्हणाले. "मैदानाला नाही." आणि अंड्यावरून अलगद पाय पलीकडे टाकून त्यांनी एक बटाटा उचलला.

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. सेक्टरातल्या आया शेंग कशी सोलायची ते विचारत होत्या आणि त्यांना शिकवायला गावाकडच्या आया चढाओढीने बसल्या. मुलांनी तर चादरीचा एक कोपराच बळकावला. कोळीवाड्यातलीची आई बाजार आटपून उशिरा आली होती. शेंगा खाता खाता तिने त्या मुलांकडे बघितलं. एकजण शेंगेची साल दुसऱ्याच्या खिशात घालत होता.

"बाई," ती मला म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ना, पोरी घरी शिकतात. तर मग या पोरांना शिकवा. यांना घरी कोण शिकवतंय? पोपटी सोडली तर यांना पानी तापवता येत नाय. माझा मोठा मुंबईला कामाला लागलाय, चहात बटर बुडवून खातो नि झोपतो."

सेक्टरातलीच्या आईने लगेच मान डोलावली. तिच्या मोठ्या मुलाचीही हॉस्टेलवर तीच तऱ्हा होती म्हणे. आणखी दोघीतिघींना आपापले मुलगे आठवले. मोठ्या बाई हातात शेंग घेऊन ऐकत होत्या. त्यांनी त्या कोपऱ्यातल्या मुलांना विचारलं, पुढच्या वर्षी कुणाला हा विषय हवाय? कुणी हात वर केला नाही, कारण हात खाण्यात गुंतले होते. पण हवाय, हवाय असा गलका झाला. मग मोठ्या बाई मला म्हणाल्या, "मुलांचं तुम्ही आधी का नाही सुचवलंत?" मी खरं ते सांगितलं, मलाही आत्ताच सुचलंय.

जूनमध्ये माझा वर्ग भरला. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलं, डोक्याला रुमाल बांधून. कॉम्प्युटर वाचनालयात गेला. पुढे मी पक्कीही झाले. वडिलांनी काकीला मुद्दाम सांगितलं की आता शाळेत पोरंपण रांधायला शिकतात, आणि ती घरातल्या नातवाकडे अशा नजरेने बघायला लागली की तो चार दिवस आमच्या अंगणातून जाईना.

पहिल्या तासाला मी नेहमीचा धडा घेतला. फळ्यावर लिहिलं, आधी धुवा, मग चिरा. सगळ्यांकडून म्हणून घेतलं. मुलांचे आवाज नुकतेच फुटलेले, त्यामुळे तो पाढा पहिल्यांदाच दोन सुरांत झाला. तेवढ्यात खिडकीशी सेक्टरातली दिसली. ती आता दहावीत गेली होती, टाकीवर पाणी प्यायला आली होती. ओंजळ तशीच धरून ती बाहेरून म्हणाली,

"भांबुर्डा सोडून."